अकोल्याचा उन्हाळा आणि गेमिंग लॅपटॉप: असूस टफ ए१५ चा दोन वर्षांचा अनुभव

२०२३ च्या दसऱ्याच्या सुमारास मी असूस कंपनीचा टफ गेमिंग ए१५ हा लॅपटॉप घेतला आणि तेव्हापासून तो रोजच्या वापरात आहे. दिवसा कनिष्ठ महाविद्यालयातील संगणक विषयाच्या तयारीसाठी आणि रात्री तास-दोन तास खेळण्यासाठी असा त्याचा दुहेरी उपयोग होतो. नवा लॅपटॉप हाती आल्यावर आठवड्याभरात लिहिलेली परीक्षणे भरपूर वाचायला मिळतात व त्यांचा उपयोगही होतो, परंतु ती बहुधा वातानुकूलित खोलीत घेतलेल्या चाचण्यांवर आधारलेली असतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, रात्री दहा वाजता भिंतीला हात लावला तरी ती गरम लागते, आणि अशा घरात गेमिंग लॅपटॉपचा जो कस लागतो तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. दोन उन्हाळे काढल्यानंतर या यंत्राविषयी, आणि ते निवडताना जे शिकलो त्याविषयी, सविस्तर लिहावे असे वाटले. कारण बारावीचा निकाल लागला की दरवर्षी विद्यार्थी आणि त्यांचे पालक हाच प्रश्न घेऊन येतात, आणि बहुतेकांच्या हातातल्या कागदावर गेमची चित्रे काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचे नाव तेवढे ठळक अक्षरांत लिहिलेले असते.

केवळ नाव पाहून लॅपटॉप मीही एकदा घेतला होता. आधीचा लॅपटॉप दुसऱ्या एका कंपनीचा होता. तो दिसायला देखणा आणि वजनाला हलका होता, आणि त्याच्या खोक्यावर त्या काळातल्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाचे नाव छापलेले होते. हिवाळ्यात त्याने तक्रारीला फारशी जागा दिली नाही. मार्च संपता संपता मात्र कोणताही मोठा गेम सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत चित्र अडखळू लागे, कळा बोटांना चटका बसेल इतक्या तापत, आणि शेवटी खेळ थांबवून यंत्र निवण्याची वाट पाहावी लागे. पुढे त्याची बिजागरी उखडली. जवळचे सेवा केंद्र नागपूरला असल्यामुळे दुरुस्तीसाठी दोन फेऱ्या झाल्या आणि परीक्षेच्या ऐन दिवसांत तीन आठवडे लॅपटॉपविना काढावे लागले. तेव्हाच ठरवले की पुढच्या वेळी आधी तीन गोष्टी पाहायच्या: कार्डाला प्रत्यक्ष किती वीज मिळते, ती वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर कशी पडते, आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती कोठे होते.

यातील पहिला मुद्दा सर्वांत कमी लोकांना ठाऊक असतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त किती वॉट वीज घेण्याची मुभा आहे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, आणि या मर्यादेला बाजारात टीजीपी म्हणतात. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपसाठीचे कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कोठेही बसवता येते, आणि प्रोसेसरकडून उसनी घेतलेली २५ वॉट त्यात मिळवली की ही मर्यादा १४० वॉटपर्यंत जाते. मी घेतलेल्या टफ ए१५ मध्ये ती १४० वॉट आहे. एमएसआयच्या सायबॉर्ग १५ या सडपातळ लॅपटॉपमध्ये हेच ४०६० कार्ड ४५ वॉटवर बसवलेले आहे, आणि कंपनीने आपल्या माहितीपत्रकात तसे स्पष्ट छापलेही आहे. दोन्हींच्या खोक्यावर नाव एकच, आतली चिप एकच, व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची स्मृती, तीही ८ जीबीच. पण जड गेममध्ये ४५ वॉटचे कार्ड बरेच मागे पडते, कारण पुरेशी वीज नसेल तर चिपला आपला वेग गाठताच येत नाही. पूर्वी अशा कमी शक्तीच्या कार्डांच्या नावापुढे मॅक्स-क्यू असे लिहिलेले असे व ग्राहकाला निदान संशय तरी येई. २०२१ मध्ये आलेल्या आरटीएक्स ३० मालिकेपासून ती खूण नावातून गेली, आणि तेव्हापासून ही चौकशी आपल्यालाच करावी लागते.

येथे एक दुरुस्तीही सांगितली पाहिजे, कारण वॉटचा आकडा जितका मोठा तितके चांगले असे समजून काही जण उलट टोकाला जातात. ४०६० च्या बाबतीत साधारण १०० वॉटच्या पुढे मिळणारा फायदा फारच थोडा असतो. बहुतेक गेममध्ये हे कार्ड त्याहून अधिक वीज ओढतच नाही. म्हणून लेनोवोच्या एलओक्यू १५ या लॅपटॉपच्या २०२४ च्या आवृत्तीतील ११५ वॉटचे ४०६० आणि माझे १४० वॉटचे ४०६० यांत खेळताना जाणवेल असा फरक नाही. ४५ आणि १०० यांतले अंतर फार मोठे आहे, १०० आणि १४० यांतले नाही.

दुकानात हे तपासण्याची सोपी रीत आहे. समोर मांडलेल्या लॅपटॉपवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडावे, खालच्या कोपऱ्यातील सिस्टिम इन्फर्मेशनवर टिचकी मारावी. तेथे कार्डाची कमाल वीज वॉटमध्ये लिहिलेली असते. दुकानदाराला हे करू द्यायची विनंती केली तर कोणी नाही म्हणत नाही, आणि जो नाही म्हणेल त्याच्याकडे लाखभर रुपये मोजण्याचे कारण नाही. ऑनलाइन घेणाऱ्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन मॉडेलचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहावा. माझ्या लॅपटॉपचा क्रमांक एफए५०७एनव्ही असा आहे, तर एफए५०७एनयू या क्रमांकाच्या भावंडात आरटीएक्स ४०५० असते. दोन्हींचे बाह्यरूप सारखेच आहे. पडद्याच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी.

पडद्याविषयी सांगायचे तर माझ्याकडील पडदा १५.६ इंची, फुल एचडी, १४४ हर्ट्झचा असून एसआरजीबी या प्रमाणित रंगपट्ट्यातले जवळजवळ सगळे रंग दाखवतो. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये रंगांच्या दुसऱ्या मापात ४५ टक्के एनटीएससी असे लिहिलेला पडदा अजूनही सर्रास बसवला जातो. त्याचा अर्थ एसआरजीबीतले साधारण ६२ ते ६५ टक्केच रंग त्यावर उमटतात, आणि जंगलातली हिरवाई धुतल्यासारखी, फिकट दिसते. ज्याला खेळाबरोबर छायाचित्रे किंवा चित्रफितींचे काम करायचे आहे त्याने हा आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. १४४ हर्ट्झ म्हणजे साधारण ७ मिलिसेकंदांनी नवे चित्र, तर ६० हर्ट्झवर तेच १६ पूर्णांक ७ मिलिसेकंदांनी. नेमबाजीच्या खेळात हा फरक डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतो. पडद्याचा उजेड मात्र बेताचा आहे. खिडकीकडे पाठ करून दुपारी बसलो तर पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो, म्हणून मी टेबलाची जागा बदलली.

प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ७ ७७३५एचएस आहे, ८ गाभ्यांचा आणि १६ थ्रेडचा. त्याच्या नावातली मेख अशी की सुरुवातीचा ७ पाहून तो अगदी नव्या पिढीचा वाटतो. एएमडीच्या त्या वर्षीच्या नामपद्धतीत पहिला आकडा वर्षाचा आणि तिसरा आकडा रचनेचा होता. येथे तिसरा आकडा ३ आहे, म्हणजे आतली रचना झेन ३ प्लस, जी २०२२ च्या ६८०० मालिकेत होती तीच. ७८४०एचएस मध्ये तिसरा आकडा ४ असल्याने तो झेन ४ चा आहे. हे कळल्यावर मी क्षणभर खट्टू झालो होतो, तरीही लॅपटॉप घेतला, कारण ४०६० च्या जोडीला हा प्रोसेसर पुरेसा आहे. फुल एचडीवर जड गेममध्ये अडते ते कार्डाशी, प्रोसेसरशी क्वचितच. केवळ व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ असे नेमबाजीचे स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्या आणि २४० हर्ट्झचा बाहेरचा मॉनिटर जोडू पाहणाऱ्या खेळाडूने मात्र नव्या रचनेचा प्रोसेसर घ्यावा.

आता उन्हाळ्याकडे येतो, कारण या लेखाचे खरे कारण तेच आहे. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो आणि तीच तांब्याच्या नळ्यांना जोडलेल्या पत्र्यांवरून बाहेर फेकतो. यात थंडावा निर्माण करणारे काहीच नाही. चिप नेहमी खोलीपेक्षा काही अंश गरमच राहणार. खोली २५ अंशांवर असताना एखादी चिप ८० अंशांवर स्थिरावत असेल, तर खोली ४० अंशांवर गेल्यावर तेवढ्याच कामात ती ९५ च्या आसपास पोहोचेल. ७७३५एचएस या प्रोसेसरची तापमान मर्यादा ९५ अंश आहे. ती गाठली की तो स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवतो, आणि पडद्यावर त्याचे रूप म्हणजे अचानक आलेला अडखळा. पुण्यातल्या डिसेंबरमधल्या चाचणीचे आकडे अकोल्याच्या मे महिन्याला लागू पडत नाहीत ते एवढ्यासाठीच, आणि विदर्भ-खानदेशातल्या ग्राहकाने जाड, दोन पंख्यांचा, मागे आणि बाजूला मोठ्या जाळ्या असलेला लॅपटॉप का घ्यावा याचेही उत्तर त्यातच आहे. टफ ए१५ जाड आहे, वजनाने २ किलो २०० ग्रॅम आहे, आणि त्या जाडीचा मोबदला मला एप्रिल-मे मध्ये पुरेपूर मिळाला.

अर्थात यंत्रावर सगळा भार टाकून चालत नाही. दोन उन्हाळ्यांत मी ज्या गोष्टी करून पाहिल्या त्यांत सर्वाधिक उपयोगी ठरली ती एक साधी मर्यादा: एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेम दर ठरवून देता येतो, आणि एप्रिल ते जूनमध्ये मी तो गोष्टप्रधान गेमसाठी ६० आणि शर्यतींच्या गेमसाठी ९० वर ठेवतो. कार्डाला सेकंदाला १२० चित्रे काढायला लावण्याऐवजी ६० काढायला लावली की त्याची वीज कमी होते, उष्णता कमी होते, पंखा मंदावतो, आणि निवांत गतीच्या गेममध्ये खेळणाऱ्याला काही गमावल्यासारखे वाटत नाही. आर्मरी क्रेट या असूसच्या ॲपमध्ये सायलेंट, परफॉर्मन्स आणि टर्बो असे तीन मुख्य प्रकार आहेत. मी वर्षातले बहुतेक दिवस परफॉर्मन्सवर असतो. टर्बोमध्ये पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला ऐकू जाईल इतका वाढतो. या वर्गातल्या कोणत्याही लॅपटॉपला पूर्ण ताकदीवर चालवले तर असेच होते, आणि हेडफोन घातल्याशिवाय टर्बोचा विचार करू नये.

कूलरविषयी वेगळे सांगायला हवे. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर असतो आणि त्याच्या वाऱ्यात लॅपटॉप ठेवला की तो थंड राहील असे वाटणे स्वाभाविक आहे. वारा थंड असतो हे खरे, पण त्याबरोबर पाण्याचे सूक्ष्म तुषार येतात, आणि पूर्णा खोऱ्यातला आमचा पट्टा खाऱ्या पाण्याचा, खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. कूलरच्या ताट्यांवर महिन्याभरात जो पांढरा थर जमतो त्याच क्षाराचा अंश लॅपटॉपच्या पत्र्यांवर आणि सोल्डरच्या टाक्यांवर बसावा असे कोणालाही वाटणार नाही. म्हणून लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात न ठेवता सहा-सात फूट बाजूला ठेवावा, खोली गार होऊ द्यावी आणि त्या गार खोलीचा फायदा लॅपटॉपला आपोआप मिळू द्यावा. मागच्या बाजूला दोन बोटे उंचीचा लाकडी ठोकळा ठेवल्याने खालच्या जाळीला श्वास घ्यायला जागा होते. पंख्यांची महागडी कूलिंग पॅड घेण्याआधी हे करून पाहावे.

सफाई सहा महिन्यांनी एकदा करतो. कापसाच्या हंगामात आमच्या गावाच्या हवेत बारीक तंतू असतात, आणि पंख्यामागच्या पत्र्यांत त्यांची जाळीच तयार होते. खालचे झाकण साध्या चौफुली स्क्रू ड्रायव्हरने उघडते. मऊ कुंचल्याने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. ब्लोअरच्या झोतात ती मोकळी भिरभिरली तर बेअरिंगला इजा होण्याची भीती असते. ज्याला हे जमणार नाही त्याने ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून समोर बसून करून घ्यावे. झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का, हे विकत घेतानाच दुकानदाराकडून लेखी विचारून ठेवलेले बरे.

झाकण उघडतेच आहे तर रॅम आणि साठवणीबद्दल. यात डीडीआर५ रॅमच्या दोन आणि एम.२ एसएसडीच्या दोन जागा आहेत, आणि माझ्या दृष्टीने ही या लॅपटॉपची सर्वांत दूरदृष्टीची सोय आहे. माझ्याकडे ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. काही लॅपटॉप १६ जीबीची एकच पट्टी लावून विकले जातात, आणि मग प्रोसेसर व रॅम यांच्यामधला रस्ता निम्म्या रुंदीचा राहतो; टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती जागा भरलेल्या आहेत हे लिहिलेले असते, तेथे दोनपैकी एक असे दिसले तर दुसऱ्या पट्टीचा खर्च आधीच हिशेबात धरावा. एसएसडी मूळची ५१२ जीबीची होती आणि ती वर्षाच्या आत भरली. यात आश्चर्य नाही: रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५० जीबी जागा लागते, फोर्झा होरायझन ५ ला ११० जीबी, सायबरपंक २०७७ ला ७० जीबी. तीन खेळ मिळून ३३० जीबी झाले. विंडोज आणि कामाच्या फायली धरल्या की उरते काय? मी दुसऱ्या जागेत १ टीबीची एसएसडी बसवली. लॅपटॉप घेताना जास्त साठवणीसाठी दुकानात जादा पैसे मोजण्यापेक्षा नंतर स्वतः बसवणे बहुधा स्वस्त पडते, मात्र त्यासाठी रिकामी जागा असली पाहिजे.

खेळांचा अनुभव समाधानाचा आहे. फुल एचडीवर बहुतेक गेम उच्च दर्जावर सुरळीत चालतात. किरणांचे वास्तव परावर्तन दाखवणारे रे ट्रेसिंग लावले की कार्ड थकते, आणि तेथे डीएलएसएस उपयोगी पडते: चित्र कमी बारकाव्याने काढून मग गणिताने मोठे करण्याची ही युक्ती क्वालिटीच्या पातळीवर ठेवली तर खेळताना फरक शोधून काढावा लागतो. ४० मालिकेत मधली चित्रे स्वतः तयार करण्याची सोयही आहे, पण मूळ वेग ५०-६० च्या खाली असेल तर हात जड झाल्यासारखे वाटते, म्हणून मी ती क्वचितच वापरतो. व्हॅलोरंट १४४ च्या वर आरामात जातो. त्याच्या फसवणूकविरोधी प्रणालीला विंडोज ११ वर सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयी सुरू असाव्या लागतात, आणि लिनक्सवर तो चालतच नाही. अभियांत्रिकीचे जे विद्यार्थी एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली बसवतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला राजी हा गेमही मी याच लॅपटॉपवर पूर्ण केला. तो यंत्रावर फारसा भार टाकत नाही. आपल्या देवळांची शिल्पे आणि आपल्या कथांतली दैवते अशा रंगांत पाहताना चांगल्या पडद्यासाठी दिलेले पैसे वसूल झाल्यासारखे वाटले.

काळजीची खरी जागा ८ जीबीच्या व्हीरॅमची आहे. नव्या मोठ्या गेममध्ये पृष्ठभागांच्या पोताचा (टेक्स्चरचा) दर्जा सर्वांत वरच्या पातळीवर ठेवला तर ती भरते आणि वेग एकदम पडतो. दर्जा एक पायरी खाली आणला की प्रश्न सुटतो, आणि १५ इंची पडद्यावर तो फरक ओळखणे अवघड आहे. पण व्हीरॅम नंतर वाढवता येत नाही, हे घेतानाच लक्षात असू द्यावे. २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेतही लॅपटॉपसाठीच्या ५०५०, ५०६० आणि ५०७० या तिन्ही कार्डांना ८ जीबीच दिलेली आहे. १२ जीबी हवी असेल तर थेट ५०७० टीआय पर्यंत जावे लागते, आणि तेथे किमतीची पायरी फार उंच आहे. त्यामुळे आज घेणाऱ्याने ५०७० साठी बरेच अधिक पैसे मोजण्याआधी थांबून विचार करावा. ५०६० आणि ४०६० सारख्याच किमतीला मिळत असतील तर निःसंशय ५०६० घ्यावे. ४०५० ची व्हीरॅम ६ जीबी आहे. बजेट ७०-८० हजारांच्या आत असेल आणि मुख्यतः स्पर्धात्मक गेम खेळायचे असतील तर ती चालेल, चार वर्षे मोठे गेम खेळायचे असतील तर मी ती सुचवणार नाही.

बॅटरी ९० वॉट-तासांची आहे, एलओक्यू १५ मधल्या ६० च्या दीडपट. हा फरक मला भारनियमनाच्या दुपारी जाणवला. लिखाण, ब्राउझिंग, उत्तरपत्रिकांचे गुण भरणे असे काम करताना पाच-सहा तास निघतात, कारण अशा वेळी प्रोसेसरमधले रेडिऑन ग्राफिक्सच काम करते आणि मोठे कार्ड झोपलेले असते. बॅटरीवर गेम खेळण्याची अपेक्षा मात्र कोणत्याही गेमिंग लॅपटॉपकडून करू नये: बॅटरी तेवढी वीज एका वेळी देऊ शकत नाही, म्हणून कार्ड आपोआप निम्म्याहून खाली उतरते आणि तरीही तासाभरात बॅटरी संपते. मूळ ॲडॉप्टर २४० वॉटचा आहे व विटेसारखा जड आहे. प्रवासात तो घरी ठेवून १०० वॉटचा टाइप-सी चार्जर नेता येतो, जो खेळाला पुरत नाही पण कामाला पुरतो. घरच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि दिवे चालू असताना हा ॲडॉप्टर पूर्ण भाराने चालवला तर बॅकअप झपाट्याने संपतो, हेही अनुभवले आहे. वीज गेली की गेम बंद करणे हेच घरातल्यांच्या दृष्टीने योग्य. मायअसूस ॲपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवून ठेवले आहे, कारण लॅपटॉप बहुतेक वेळ प्लगलाच असतो आणि उष्ण खोलीत पूर्ण भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग नीट असल्याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी. धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष बहुधा घरच्या अर्थिंगचा असतो.

कमतरता थोडक्यात नोंदवतो. वेबकॅम ७२० पिक्सेलचा आहे आणि ऑनलाइन तासाला चेहरा धूसर दिसतो. एसडी कार्डाची जागा नाही. लॅनचे सॉकेट दिलेले आहे, जे जाड भिंतींच्या जुन्या घरात फार कामाचे आहे, पण ते आणि चार्जरची पिन दोन्ही डाव्या बाजूला असल्याने वायरींचा गुंता तेथेच होतो. कीबोर्डला अंकांचा वेगळा भाग आहे व त्यामुळे गुण भरण्याचे काम पटापट होते.

किंमत सणाच्या सवलतीत लाखाच्या थोडी आत पडली, त्यात १८ टक्के जीएसटी आलाच. ऑनलाइन हाच लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त दिसत होता. तरीही मी गावातल्या दुकानातून घेतला, कारण तेथे खोके माझ्यासमोर फोडले गेले, कंट्रोल पॅनेलमधला वॉटचा आकडा पाहता आला, पडद्यावर मृत ठिपके नाहीत हे पांढऱ्या आणि काळ्या पार्श्वभूमीवर तपासता आले, आणि सेवेविषयीच्या प्रश्नांना समोरासमोर उत्तरे मिळाली. हे प्रश्न प्रत्येकाने विचारावेत: तंत्रज्ञ घरी येतो की यंत्र पाठवावे लागते, सुटे भाग कोणत्या शहरातून येतात, मूळ वॉरंटी संपण्याआधी ती वाढवता येते का आणि किती रुपयांत. मोठ्या शहरातल्या माणसाला हे किरकोळ वाटेल. जिल्ह्याच्या गावात राहणाऱ्याच्या निवडीत याचे वजन ग्राफिक्स कार्डाइतकेच असते.

यंदा माझी भाची अभियांत्रिकीसाठी पुण्याला गेली. तिने फोनवर पहिलाच प्रश्न केला, "मामा, तुमच्यासारखाच घेऊ का?" मी नको म्हटले. तिला रोज वसतिगृहातून वर्गात लॅपटॉप न्यायचा आहे, दिवाळीला महाराष्ट्र एक्सप्रेसने अकोल्याला येताना तो पाठीवर असणार आहे, आणि खेळ म्हणाल तर मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट, तोही सुटीत. तिच्यासाठी सव्वा दोन किलोचे यंत्र आणि विटेएवढा ॲडॉप्टर हा भारच झाला असता. आम्ही दोघांनी मिळून तिच्यासाठी पावणेदोन किलोचा, ४०५० चा लॅपटॉप निवडला, वॉटचा आकडा तिने स्वतः दुकानात उघडून पाहिला आणि मला फोटो पाठवला. टेबलावर ठेवून मोठे गेम खेळायचे असतील, घरात एसी नसेल आणि गावात मे महिना आमच्यासारखा असेल, तर मात्र टफ ए१५ किंवा त्याच्याच अंगकाठीचा, १०० वॉटच्या पुढचा लॅपटॉप घ्यावा असे मी निःशंकपणे सांगेन. माझा लॅपटॉप आणखी दोन उन्हाळे तरी बदलण्याचा विचार नाही; येत्या मार्चमध्ये चिपची उष्णता तांब्याच्या नळ्यांकडे नेणारी थर्मल पेस्ट तेवढी नवी भरून घेणार आहे.